अंदमानच्या जहाजावरची माझी अकरा मुलं

जहाजावर कॅरम खेळता येत नाही. हे मला पहिल्याच फेरीत कळलं. बोर्डाला पावडर लावून झाली, सोंगट्या मांडल्या आणि जहाज एका अंगाला कललं. राणीसकट सगळी मंडळी आपल्या पायांनी चालत कोपऱ्यातल्या भोकाकडे निघाली. मुलं हसून हसून लोळली. मला मात्र घाम फुटला, कारण मद्रास ते पोर्ट ब्लेअर या साडेतीन दिवसांसाठी मी नागपूरहून जे काही आणलं होतं, त्यातलं निम्मं त्या बोर्डावर होतं.

सीताबर्डीवरच्या एका छोट्या सहल कंपनीत मी एकोणीस वर्षं काम केलं. सुरुवातीला आमच्या सहली रामटेक आणि पचमढीच्या पुढे जात नसत. मग दक्षिण भारत आला, काश्मीर आलं, आणि ऐंशीनंतर अंदमान. सरकारी नोकरांना प्रवासाची सवलत मिळायची, आणि बोटीत बसायची हौस नागपूरकरांना फार, कारण समुद्र आमच्यापासून कुठूनही लांबच. दिवाळीच्या सुट्टीत पस्तीस-चाळीस कुटुंबं निघत. कागदावर मी ‘बालविभाग प्रमुख’ होते. त्या विभागात दुसरं कोणी नव्हतं.

प्रत्यक्षात लहान मुलांचं मला काही करावं लागत नसे. त्यांना फुगा पुरतो. मोठ्यांना पत्ते आणि चहा पुरतो. माझ्या वाट्याला यायची ती मधली, बारा ते पंधरा वर्षांची. आई-वडिलांजवळ बसायची त्यांना लाज वाटते आणि मोठी माणसं त्यांना आपल्यात घेत नाहीत. आमचे मालक गुलाबराव म्हणायचे, “सुधाताई, या वयाचं एक पोरगं रुसलं की त्याचं कुटुंब रुसतं. आणि एक कुटुंब रुसलं की सगळी सहल बिघडते.”

या धंद्यात मी काही गोष्टी शिकले. त्यांना ‘मुलांनो’ म्हणायचं नाही. पहिल्या दिवशी प्रत्येकाला एखादं काम द्यायचं, खोटं का असेना. जो आपणहून माईक मागतो त्याला तो शेवटी द्यायचा. मुलगे आणि मुली एकाच गोलात बसवायचे, पण जोड्या चिठ्ठ्या टाकून पाडायच्या, म्हणजे कुणाच्या आईला काही म्हणायला जागा राहत नाही. पिशवीत लिंबं, आवळासुपारी, जुनी वर्तमानपत्रं, आणि एका बिस्किटाच्या डब्यात कापूस आणि स्वच्छ कापड. तो डबा दर दोन-तीन सहलींत एखाद्या घाबरलेल्या मुलीसाठी उघडावा लागे. त्या मुलीच्या आईच्या आधी मला कळायचं, आणि याचा मला अभिमान वाटायचा.

वीस-बावीस दिवस ही मुलं मला सोडायची नाहीत. कुणाला माझ्याशेजारी बसायचं असे, कुणाला मलाच काहीतरी सांगायचं असे. नागपूर स्टेशन आलं की ती रिक्षांकडे पळत. मागे वळून बघणारं पोर मी एकोणीस वर्षांत एखाद-दुसरंच पाहिलं असेल. त्यात त्यांची चूक नव्हती. त्यांना घर होतं. माझी प्रताप नगरात एक खोली होती आणि तिचं कुलूप मीच लावलेलं असायचं. सुट्टी संपली की पुढच्या सुट्टीपर्यंत मी ऑफिसात बसून पत्रकांवर पत्ते लिहायची. कधीकधी दोन-दोन दिवस कामापलीकडचा एक शब्दही कुणाशी होत नसे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी पाचपावलीच्या विणकरांच्या गल्लीतली. बाबांचे दोन हातमाग होते. घरात मी ‘मले’, ‘तुले’ म्हणत वाढले. शारीरिक शिक्षणाचा कोर्स करायला अमरावतीला गेले, तेव्हा वसतिगृहात पुण्याकडच्या दोघी होत्या. त्यांनी माझं बोलणं वर्षभर सगळ्यांना करून दाखवलं. त्या वर्षात मी बोली टाकली. नोकरीच्या मुलाखतीत गुलाबराव म्हणाले होते, “आपल्याकडं मोठ्या घरची माणसं येतात, भाषा शुद्ध पाहिजे.” माझी भाषा ऐकून ते खूश झाले. मी कुठली, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

ज्या सहलीबद्दल मी लिहिते आहे तिच्यात माझ्याकडे अकरा मुलं होती. सात वरच्या केबिनमधली, चार खालच्या बंक क्लासमधली. बंक म्हणजे एका मोठ्या हॉलमध्ये एकावर एक लोखंडी पलंग, वर डिझेल आणि फिनेलचा वास. मी वरच्या डेकवर लाइफबोटीजवळचा एक सावलीचा कोपरा मागून घेतला होता. तिथे आमची बैठक.

पहिला दिवस वाईट गेला. कॅरमचं सांगितलंच. बॅडमिंटनचं फूल दुसऱ्याच फटक्याला समुद्रात गेलं. निम्म्यांना बोट लागली. ज्यांना लागली नाही ते आपसात भांडले. केबिनमधली माधवी नावाची चौदा वर्षांची मुलगी सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत कंटाळलेली. वडील मोठे इंजिनिअर, सिव्हिल लाइन्सला बंगला. तिचे आई-वडील एकमेकांशी तिच्यामार्फत बोलत, “बाबांना सांग जेवायला चला,” असं. ती माझ्या प्रत्येक खेळाला “हे बोअर आहे” म्हणायची, आणि बाकीचे तिच्याकडे बघून मान डोलवायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंकमधली शोभा उशिरा आली. तेरा वर्षांची, तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या. वडील रामभाऊ नागपुरात पोस्टमन, मूळ उमरेडचे.

“उशीर का झाला?” मी विचारलं.

“मी येऊनच राहिली होती ताई, पन आई ओकून राहिली. तिले सोडून कशी येऊ?”

कुणीतरी नाकातून हसलं. माधवी अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, “मी पण येऊनच राहिली होती, पण माझे बूट हरवून राहिले.”

सगळे हसले. शोभाही हसली. पाच मिनिटांत त्याचा खेळ झाला. सगळ्यांनी शोभासारखं बोलायचं, जो चुकेल तो बाद, आणि पंच शोभा. तिला त्यात थट्टा दिसली नाही, मान दिसला. “मले भूक लागून राहिली” बरोबर की “मला भूक लागून राहिली”, ती मन लावून निकाल देत होती. आणि दर निकालाला बाकीचे पोट धरून हसत होते.

दोन तास कुणी भांडलं नाही. बोट लागलेली मुलंसुद्धा उठून बसली. मला जे चार खेळांनी साधलं नव्हतं ते या एका खेळानं साधलं. या वयाच्या मुलांना एकत्र आणायला हसायला एक माणूस मिळालं की पुरतं, हे मला माहीत होतं. अमरावतीला ते माणूस मीच होते. एक टाळी वाजवून मी तो खेळ बंद करू शकले असते. मी वहीत लिहिलं, ‘गट जमला.’

तिसऱ्या दिवशी सकाळी मी जहाजावरच्या दाऊदचाचांना बोलावलं. हे रत्नागिरीकडचे म्हातारे खलाशी. मुलांना दोरीच्या गाठी शिकवाव्यात अशी मी त्यांना विनंती केली होती. त्यांनी सगळ्यांना हातभर सुतळी वाटली आणि दोन दोऱ्या जोडायची एक गाठ दाखवली. माधवीसकट सगळे गोंधळले. शोभानं दोन टोकं डाव्या हाताच्या दोन बोटांत धरली, उजव्या हाताचा अंगठा फिरवला आणि गाठ बांधून टाकली.

चाचांनी ती उलटीसुलटी करून पाहिली. “हीच ती. तुला कोणी शिकवली?”

“आमच्या आजीनं. मागावर सूत तुटलं का अशीच जोडतेत.”

चाचा म्हणाले, विणकरांची गाठ आणि दर्यावर्द्यांची गाठ एकच आहे, फक्त आमची जाड आणि तुमची बारीक. मुलं पहिल्यांदाच शोभाकडे न हसता बघत होती. मी खाली बघितलं तर माझ्या हातातली सुतळीही जोडलेली होती. केव्हा जोडली, मला कळलं नव्हतं.

शोभाच्या ते लक्षात आलं. तिचा चेहरा उजळला. “ताई, तुम्हाले बी येते? तुमच्या घरी बी माग होता ना?”

अकरा मुलं आणि चाचा माझ्याकडे बघत होते. माधवी जरा जास्तच.

“नाही गं,” मी म्हणाले. “आमच्याकडे माग वगैरे नव्हता. कुठेतरी पाहिली असेल.”

शोभा रागावली नाही. गणिताचं उत्तर जुळलं नाही की मूल जसं वहीकडे बघतं, तशी ती माझ्याकडे बघत राहिली. मग “बरं” म्हणाली, सुतळी चाचांना परत दिली आणि जिना उतरून गेली.

दुपारी आम्ही हस्तलिखित वर्तमानपत्र काढायला बसलो. जेवणघराच्या दाराशी ते लावायचं होतं. शोभा आली नाही. चहाच्या वेळी मी खाली बंकमध्ये गेले. तिची आई डोळे मिटून पडली होती, रामभाऊ लिंबूपाण्याचा पेला धरून बसले होते. वरच्या पलंगावर शोभा भिंतीकडे तोंड करून होती. जागी होती, पाठीवरून कळत होतं.

“डोकं दुखून राहिलं म्हन्ते,” रामभाऊ म्हणाले. “बसा ताई.”

मी बसले. त्यांनी आवाज खाली आणला. “तुम्ही पाचपावलीच्या नामदेवरावच्या ना? मी आठ वर्षं त्या गल्लीत डाक वाटली. मागाजवळच्या भिंतीवर तुमचा फोटो होता. पांढरा ड्रेस, गळ्यात शिट्टी.”

मी वर शोभाच्या पाठीकडे पाहिलं.

“स्टेशनावरच ओळखलं म्या. तुम्ही ओळख दिली नाई, म्हटलं असंन काही. फक्त पोरीले सांगितलं, का ताई आपल्यातल्याच हायेत, कशा शिकल्या पाह्य. तिले वाटलं, विचारलं तर तुम्हाले आनंद होईन.” त्यांनी पेला खाली ठेवला. “माहीच चूक झाली. पोरीले सांगाले नोको होतं.”

चूक माझी होती आणि माफी ते मागत होते. मला तिथे, त्या पाठीकडे बघून, एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणाले, “तिला बरं वाटलं की पाठवा,” आणि जिना चढून वर आले.

जहाजावरच्या शेवटच्या दुपारी आम्ही पालकांसाठी कार्यक्रम ठेवत असू. त्यात माधवीची नक्कल होती, शोभाच्या भाषेची. मी ती काढून टाकली.

“का?” माधवीनं विचारलं.

“वेळ नाही.” खरं कारण मी तिलाही सांगितलं नाही.

चार वाजता जेवणघराचा हॉल भरला. इंजिनिअरसाहेब पुढच्या रांगेत होते. रामभाऊ आणि शोभा मागे दाराशी उभे. माझ्या हातात माईक होता आणि पहिल्या गाण्याची घोषणा करायची होती. मी सकाळपासून ठरवलं होतं ते बोलायला सुरुवात केली.

“मी पाचपावलीची. माहे बाबा विनकर होते. आमच्या घरी दोन माग होते. आज मी तुमच्याशी माह्या बोलीत बोलत राहिले, कारन…”

हॉल हसला. सुरुवातीला इकडून तिकडून, मग सगळाच. मी थांबले तर त्यांना वाटलं टाळ्यांसाठी थांबले, म्हणून टाळ्या पडल्या. “वा ताई, हुबेहूब,” कुणीतरी म्हणालं. मी पुन्हा सुरू केलं. काल एका मुलीशी मी खोटं बोलले, असं मला सांगायचं होतं. “एका पोरीले मी…” एवढंच झालं आणि इंजिनिअरसाहेब डोळे पुसायला लागले, इतके हसले. सगळ्या हॉलमध्ये दोनच माणसं हसत नव्हती आणि ती दाराशी होती. माझा धीर सुटला. मी नमस्कार केला आणि गाण्याची घोषणा करून बाजूला झाले. माझं आयुष्यातलं ते सगळ्यांत खरं बोलणं त्या सहलीतला सगळ्यांत विनोदी कार्यक्रम ठरला. गुलाबरावांना लोकांनी तसं मुद्दाम कळवलं.

सगळे गेल्यावर मी खुर्च्या भिंतीला लावत होते. शोभा आली. तिनं एक खुर्ची उचलली, मग दुसरी.

“ताई,” ती म्हणाली, “‘बोलून राहिली’ म्हन्तेत. तुम्ही ‘बोलत राहिले’ म्हटलं. म्हनून हासले ते.”

ती टोमणा मारत नव्हती. खेळात पंच होती, तशीच चूक दाखवत होती. मला मदत करत होती.

“मी विसरले गं,” मी म्हणाले.

“गाठ नाई विसरल्या,” ती म्हणाली आणि राहिलेल्या खुर्च्या लावून गेली.

पोर्ट ब्लेअरला आम्ही पाच दिवस होतो. तुरुंग पाहिला, किनारे पाहिले. शोभा सगळीकडे येत होती, पण खेळात पंच व्हायला कुणी बोलावलं तर “तुमचं तुम्हीच पाहा” म्हणायची. परतीच्या प्रवासात समुद्र फार खवळला आणि सगळ्यांत जास्त त्रास माधवीला झाला. आई-वडील दोघंही आडवे. मी लिंबं आणि वर्तमानपत्रं घेऊन तिला शोधायला निघाले. ती आमच्या लाइफबोटीजवळच्या कोपऱ्यात सापडली. शोभानं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि दोघी काहीतरी बोलत होत्या. मी जवळ गेले तशा गप्प झाल्या. मोठं माणूस मध्ये आलं की मुली जशा वर बघतात, तशा दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

“मी हाये ताई इथं,” शोभा म्हणाली. “तुम्ही जा, बसा.”

माधवी डोळे न उघडता म्हणाली, “ती आहे.”

त्यांनी काय मिटवलं, कुणी कुणाची माफी मागितली की मागितलीच नाही, मला कधी कळलं नाही. माझं त्यात काही काम नव्हतं. मी लिंबं तिथे ठेवली आणि डेकच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. माझ्या धंद्यात हे यश मानतात. मुलांना तुमची गरज उरली नाही म्हणजे तुम्ही नीट काम केलंत. त्या दुपारी मला तसं वाटत नव्हतं.

त्यानंतरही मी काही वर्षं सहली केल्या. तो खेळ पुन्हा कधी होऊ दिला नाही. मुलं विचारायची, “ताई, तुम्ही कुठल्या?” तर मी गल्लीचं नाव सांगायची. गुलाबरावांनी एकदा ऐकलं आणि काही म्हणाले नाहीत. इतकी वर्षं मी ज्याला घाबरले ते हे एवढंच होतं. माझी बोली मात्र परत आली नाही. एकटी असताना मी तिच्यात बोलून पाहते, आणि मला माझाच आवाज नक्कल केल्यासारखा वाटतो.

पण परतीच्या गाडीतलं एक बोलणं सांगायचं राहिलं. मद्रासहून निघालो. दुसऱ्या दिवशी वर्धा मागे पडल्यावर मुलं सामान आवरायला लागली. रामभाऊ दाराजवळ हवेला उभे होते. मी त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिले. बाबांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. ते गेले तेव्हाही मी सहलीवर होते. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी मी प्रत्येक सहलीतून त्यांना पत्र लिहायची, चांगली दोन पानं. घरी गेले की ते एवढंच म्हणायचे, “पत्र भेटलं.” कुणी शेजारचं वाचून दाखवत असेल, असं मी धरून चालले होते.

“माझी पत्रं तुम्हीच आणून देत होता?” मी विचारलं.

“आनून देत होतो, अन् वाचून बी दाखवत होतो. गल्लीतली डाक वाटून झाली का बसो दहा मिनिटं. माग थांबवून ऐकत बाबा.” मग ते थोडे संकोचले. “तुम्ही लय शुद्ध लिवत होत्या ताई. ‘आल्हाददायक हवामान’, ‘निसर्गसौंदर्य’. त्याइले ते समजत नव्हतं. मंग मी आपल्या बोलीत करून सांगो.”

“काय सांगायचात?”

“आता काश्मीरचं पत्र आलं, तर म्हनो, बाबा, सुधी म्हन्ते, इथं थंडी लय हाये, अन् मले तुही आठवन येऊन राहिली.”

बुटीबोरीचं स्टेशन गेलं.

“असं मी लिहिलं नव्हतं, रामभाऊ.”

“नाई,” रामभाऊ म्हणाले. “ते मी माह्या मनानं सांगो.”